एक्केचाळीस नंबरचा कागद

भिंत तीस फूट लांब, दहा फूट उंच, आणि माझं मनगट एकच. म्हणजे आहेत दोन, पण डावं नुसतं घड्याळ बांधायच्या कामाचं. चोवीस वर्षं टाइलचे तुकडे पाडून उजव्याने आता संप पुकारला होता. सकाळी उठल्यावर पहिला अर्धा तास चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागायचा. डॉक्टर म्हणाले, विश्रांती द्या. मी विचारलं, मनगटाला की मला? ते हसले. मी विनोद केला नव्हता.

काम आम्ही दोघी करतो, मी आणि माझ्या नणंदबाई. मी चोपन्न वर्षांची, वन्सं अडुसष्टच्या. टाइलच्या तुकड्यांतून चित्रं बसवायचं काम त्यांनी तरुणपणी उचललं आणि मला त्यांनीच शिकवलं. दवाखान्यांच्या बाहेरच्या खोल्या, शाळांचे जिने, पोहण्याचा तलाव, स्टेशनखालचा भुयारी रस्ता. शहरातल्या कितीतरी लोकांनी आमच्या चित्रांना पाठ टेकून कुणाची तरी वाट बघितली आहे. चित्राकडे बघितलंय का, ते मला माहीत नाही. मी विचारायचं सोडून दिलंय.

आमच्या घरामागे एक लांबट खोली आहे, तीच आमची कार्यशाळा. दोन टेबलं, दोन स्टुलं आणि भिंतभर फळ्या, त्यांवर रंगांचे डबे. आम्ही एकमेकींकडे पाठ करून बसतो, कारण खिडकी एक आणि ट्यूब एक, आणि समोरासमोर बसलं की सावली पडते. नणंद-भावजय चोवीस वर्षं एका खोलीत टिकल्या त्याचं श्रेय आमचे हे स्वतःकडे घेतात. खरं श्रेय त्या बैठकीला आहे. दिवसभर तोंडं दिसली नाहीत की भांडणं निम्म्यावर येतात.

आमची पद्धत उलटी असते, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चित्र आधी खाकी कागदावर उलटं काढायचं, आरशात दिसतं तसं. मग त्या कागदाचे फूटभराचे चौकोन कापायचे. एकेका चौकोनावर खळ लावून टाइलचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे पालथे चिकटवत जायचं, रंगाची बाजू खाली, पाठ वर. चौकोन भरला की कागदाच्या बाहेरच्या अंगावर नंबर लिहायचा. वन्सं नंबराखाली तारीखही लिहितात, पेन्सिलीने, शाळेतल्या वहीवर लिहावी तशी. मग हे चौकोन हॉलवर जातात. मिस्त्री भिंतीला मसाला लावून ते नंबराप्रमाणे दाबून बसवतो, कागद आपल्याकडे. अर्ध्या तासाने कागद ओला करून सोलायचा, की आतला रंग पहिल्यांदा दिसतो. तोवर महिनोन्‌महिने आपल्यासमोर नुसत्या पाठी असतात. आणि पाठ सगळ्या टाइलची सारखीच असते, मातकट आणि खरबरीत.

ही भिंत वस्तीच्या नव्या सभागृहाची होती. दारातून आत शिरलं की समोर. समितीला नदी हवी होती आणि नदीकाठी वस्तीतली माणसं. कुठली माणसं, यावर पाच बैठका झाल्या. समितीचे सेक्रेटरी प्रत्येक बैठकीला एक सूचना घेऊन यायचे, म्हणून मी त्यांचं नाव सूचनासाहेब ठेवलं होतं. नर्स हवी. नर्स झाली तर झाडूवालाही हवा. फुटबॉल खेळणारी मुलगी हवी. एका आजोबांनी हात वर करून मांजर मागितलं, आणि त्यावर एका बाईंनी, मांजर आलं तर आमचा कुत्रा का नको, असं विचारलं. शेवटी तेवीस माणसं, एक मांजर आणि एक कुत्रा असं ठरलं. वाटणी नेहमीचीच: खालच्या तीन ओळींतली नदी, म्हणजे एक ते नव्वद नंबरचे कागद, वन्संचे. वरची जत्रा माझी.

पाणी वन्संनीच करावं. नदी करायची म्हणजे निळे तुकडे भरणं नव्हे. तुकडे कुठे तिरके घालायचे, कुठे बारीक करायचे, वळणावर ओळ कशी झुकवायची, हे त्यांच्या बोटांना कळतं. मी पाणी केलं की फरशी दिसते. हे त्यांनीच मला एकदा सांगितलंय, आणि वन्सं कौतुक करताना कंजूष असल्या तरी खरं बोलताना फार उदार आहेत.

तर मला हे काम सोडायचं होतं. तीन वर्षं सोडायचं होतं. नुसतं मनगट नाही. सगळी मीच दमले होते. सकाळी कार्यशाळेचं कुलूप काढताना किल्ली जड वाटायची. वाक्य तयार होतं: “वन्सं, ही आपली शेवटची भिंत.” सहा शब्दसुद्धा नाहीत, पण घशाच्या वर येत नव्हते. वन्संना दुसरं काही नाही. दोन गल्ल्या सोडून एकट्या राहतात. आठाला येतात, सातला जातात, आणि रविवारी काय करावं सुचत नाही म्हणून रविवारीही येतात. काम बंद म्हटलं तर त्या उठून जाणार कुठे? यांना सांगून पाहिलं. हे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. म्हणाले, “तूच सांग बाई. माझं ताईने लहानपणापासून कधी ऐकलं नाही, आता या वयात कुठून ऐकणार?” आणि पेपर उघडला. पेपर हा पुरुषांचा पदर असतो.

रोज संध्याकाळी निघताना वन्सं दारात थांबून विचारायच्या, “दमलीस का गं?”

मी म्हणायचे, “छे!”

चोवीस वर्षं हाच प्रश्न आणि हेच उत्तर. आधी ते खरं होतं, नंतर सवय झाली, आणि गेली तीन वर्षं ते साफ खोटं होतं.

या भिंतीच्या कामात वन्सं ट्यूबवर फार चिडायच्या. उजेड पिवळट पडतोय, बदल. बदलली. तरी पिवळटच. पुन्हा बदलली. मी मनात म्हटलं, म्हातारपणी माणसाला काहीच पटत नाही. मोठ्याने काही बोलले नाही, पण दुसऱ्यांदा स्टुलावर चढताना मुद्दाम जोरात कण्हले.

मधे एका रविवारी वन्संना ताप आला, म्हणून त्या आल्या नाहीत. इतक्या वर्षांत असे रविवार मोजून दोन-तीन. मी एकटीच खोलीत गेले आणि फळ्यांवरची धूळ बघून माझं डोकंच फिरलं. मी दमले की चिडते आणि चिडले की घासायला घेते. सगळे डबे काढले, टाइल सुपात ओतल्या, डबे साबणाने धुतले, फळ्या पुसल्या, आणि सगळं परत नीट लावून टाकलं. सोमवारी वन्सं आल्या तेव्हा म्हणाल्या, “साबणाचा वास येतोय. डबे धुतलेस वाटतं?”

“हो. किती घाण झाली होती!”

“बरं केलंस,” म्हणाल्या आणि कामाला बसल्या.

मग एक महिना असाच गेला. टाइल फोडून डबे भरायचं काम माझं असतं. त्या महिन्यात जांभळ्या टाइल भराभर संपायला लागल्या. मला वाटलं, माझ्याच नर्सच्या शालीला आणि कुणाकुणाच्या कपड्यांना लागल्या असतील. मी आणखी एक खोका मागवला, आणि डोक्यात जरासुद्धा प्रकाश पडला नाही. दमलेलं डोकं फक्त पुढचं काम बघतं.

भिंतीवर पहिला कागद बसला तो सोमवारी. आमच्याकडे रीत आहे, पहिला कागद वन्संनी सोलायचा. त्या आल्या, स्पंजने एक नंबरचा कागद भिजवला, कोपरा पकडून तिरका ओढला. आतून निळं पाणी आलं. गडद, मग फिकं, मधे पांढऱ्याची एक रेघ, आणि सगळं वाहतंय असं. समितीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री आमच्याबरोबर बारा वर्षं आहे, तो टाळ्या वाजवत नाही. तो एवढंच म्हणाला, “ताई, हात अजून तसाच आहे.” वन्संनी पदराने चेहरा पुसला. संध्याकाळपर्यंत तिसाव्या नंबरापर्यंतची खालची ओळ झाली.

त्या दिवशी परतताना मी ठरवलं, या आठवड्यात सांगायचंच. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना म्हटलंही, “वन्सं, मला जरा बोलायचंय तुमच्याशी. संध्याकाळी.” त्या म्हणाल्या, “संध्याकाळी कशाला, आत्ता बोल.” मी म्हटलं, मिस्त्री थांबलाय. आणि पळाले.

मंगळवारी दुपारपर्यंत मिस्त्रीने दुसरी ओळ बावन्न नंबरापर्यंत बसवली. कागद मी सोलत होते. एकतीस, बत्तीस, सगळं छान. चाळीसही छान. एक्केचाळीस सोलला आणि मला वाटलं, माझ्या डोळ्यांवर अंधारी आली.

पाणी जांभळं होतं. जांभळ्यात हिरवं. वळण तेच, ओघ तोच, तुकड्यांची ओळ वन्संच्याच हाताची, कुठे चूक म्हणून नाही. फक्त रंग भलतेच. बेचाळीस सोलला. तसाच. त्रेचाळीस. तसाच.

“हे काय?” मिस्त्री म्हणाला. मी टेबलावर ठेवलेल्या कागदांपैकी एक उचलला आणि कडेचा तुकडा नखाने उकलून पाहिला. जांभळा. अगदी नव्वद नंबराचा उकलला. हिरवा. म्हणजे पन्नास कागद. वन्सं पन्नास कागद निळं समजून जांभळं आणि हिरवं लावत होत्या. आणि मला एकदम त्या दोन ट्यूब आठवल्या.

सूचनासाहेब तेवढ्यात आत आले. मागे हात बांधून त्यांनी भिंत न्याहाळली, जवळ गेले, लांब आले.

“हे पाण्यात शेवाळ दाखवलंय का तुम्ही?”

मी स्पंज पिळला.

“नाही, म्हणजे वाईट नाही. नदीचं प्रदूषण! इकडे स्वच्छ, तिकडे घाण. समाजाला संदेश जातो. ठेवू या की असंच.”

चोवीस वर्षांत आमच्या कामातून कुणी संदेश काढला नव्हता, तो नेमका आज निघाला. दुष्काळात तेरावा महिना.

“आम्ही सांगतो तुम्हाला,” मी म्हटलं. ते गेल्यावर खाली सिमेंटच्या पोत्यावर बसले.

आता जे सांगणार आहे ते मला शोभणारं नाही, पण सांगते. मला हायसं वाटलं. जीव भांड्यात पडला. तीन वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं ते आता मला म्हणायचीच गरज नव्हती. वन्संना रंग दिसत नाहीत. रंग न दिसणाऱ्या माणसाला टाइलचं काम करता येत नाही. म्हणजे काम बंद, आणि ते माझ्यामुळे नाही. आंधळा मागतो एक डोळा, ही म्हण डोक्यात आली आणि मी जीभ चावली.

“वहिनी,” मिस्त्री म्हणाला, “मसाला ओला आहे तोवर सांगा. तासाभरात खरवडून निघेल. त्यानंतर छिन्नी मारावी लागेल, आणि मग खालची ओळही फुटेल.”

“काढा,” मी म्हटलं. “एक्केचाळीसपासून सगळं.”

“बारा कागद.”

“हो. आणि वरची माणसं थांबवू नका.”

“मग नदीच्या वर लाकडी पट्टी ठोकतो आणि तिच्या आधाराने वरची बसवतो. नदी मागून येऊ दे.” त्याने थापी उचलली. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाला, “ताईंना बोलवू नका हे बघायला.”

ओला एक्केचाळीस नंबरचा कागद मी घडी करून पिशवीत घातला, दोन तुकडे रुमालात बांधले, आणि चालत निघाले. वीस मिनिटांचा रस्ता. वाटेत मी वाक्य घोळवत होते. वन्सं, वय झालं की असं होतं. वन्सं, कुणाचा दोष नाही. वन्सं, आता आपण दोघींनी घरी बसू या. किती मऊ, किती समजूतदार वाक्यं! मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं होतं.

वन्सं खोलीत नव्हत्या, मागे नळावर ब्रश धूत होत्या. मी आत जाऊन स्टुलावर बसले. त्यांच्या स्टुलावर, त्या बसतात तशी. समोर फळी. हात लांब केला की खिडकीकडचा पहिला डबा हाताला येतो. मी हात घातला. जांभळा. त्याच्या शेजारचा. हिरवा. निळे डबे खाली, तिसऱ्या फळीवर, एका ओळीत सुबक लावलेले. माझ्या हाताने लावलेले.

वन्सं डब्याकडे न बघता हात घालतात. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीकडे हात जातो तसा. वीस वर्षं खिडकीकडचा पहिला डबा निळा, दुसरा आकाशी. मला हे माहीत होतं. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले, तरी मला हे माहीत होतं.

पिशवीतून कागद काढून तारीख बघितली. पेन्सिलीचे आकडे ओल्याने फिसकटले होते, तरी वाचता आले. सोमवार. मी डबे धुतले त्याच्या दुसऱ्या दिवशीचा सोमवार. सकाळी सोललेल्या चाळीस नंबरावर त्याच्या आधीच्या शनिवारची तारीख होती, ते मला आठवलं.

टाइल ओतलेलं ते सूप, तो साबण, आणि “किती घाण झाली होती!” हे माझं ठसक्यातलं वाक्य, सगळं आठवलं. पन्नास कागद मी बिघडवले होते, आणि वर वन्संच्या डोळ्यांवर पावती फाडायला निघाले होते.

वन्सं ओले हात झटकत आत आल्या. “आज लवकर आलीस? पाणी कसं दिसतंय?”

मी उठले. “वन्सं, एक्केचाळीसपासून पुढे चुकलंय. निळ्याच्या जागी जांभळा आणि हिरवा लागलाय. माझ्यामुळे. तुम्हाला ताप होता त्या रविवारी मी डबे धुतले आणि भलत्याच जागी ठेवले.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्याच. “हात्तिच्या! मग एवढं तोंड कशाला पाडलंस? मला वाटलं, मिस्त्री शिडीवरून पडला.” स्टुलावर बसल्या, पदराने हात कोरडे केले. आणि मग पदर हातातच राहिला.

“पण डबे कुठेही असू देत,” त्या हळू म्हणाल्या. “टाइल हातात आल्यावर मला दिसायला हवी होती.”

मी रुमालाची गाठ चाचपली.

“आणलेस का तुकडे?”

मी रुमाल सोडला. त्यांनी दोन्ही तुकडे घेतले, खिडकीत गेल्या, उजेडात धरले. जवळ, लांब, पुन्हा जवळ. बराच वेळ.

“दोन्ही निळेच आहेत,” त्या म्हणाल्या. मग वळून माझ्या तोंडाकडे बघितलं. “नाहीत?”

“नाहीत, वन्सं.”

“कुठला कुठला?”

“उजव्या हातातला जांभळा. डावीकडचा हिरवा.”

त्यांनी उजव्या हाताची मूठ मिटली, मग डाव्या हाताची. “म्हणून ट्यूब पिवळी,” एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी अंगातला कामाचा डगला काढला, घडी घातली, टेबलावर ठेवला. त्या डगल्याला मी कधी घडी पाहिली नव्हती.

“झालं तर मग. बंदच करू आता. रंग न दिसणारी बाई भिंती काय करणार? तू आता सुटलीस माझ्यातून.”

आयतं ताट समोर आलं. मी फक्त मान हलवायची होती. नुसतं “बरं, वन्सं” म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्या काही विचारणार नव्हत्या, मला काही सांगावं लागणार नव्हतं, आणि उद्यापासून माझ्या मनगटाला आराम. मी त्या घडी घातलेल्या डगल्याकडे बघत राहिले.

“मोतीबिंदू असेल,” मी म्हटलं. “त्याचं ऑपरेशन होतं. सकाळी जायचं, दुपारी घरी. महिन्या-दोन महिन्यांत तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं दिसायला लागेल. तेव्हा दोष डोळ्यांवर घालू नका. बंद करायचं तर माझ्यामुळे करा.”

“तुझ्यामुळे? डबे हलवलेस म्हणून?”

“नाही. मी दमलेय.”

शब्द निघाला आणि मला वाटलं आता रडू येणार. आलं नाही, त्यालाही ताकद लागते. “मनगट गेलंय, पाठ गेलीय, ते असू दे. मीच दमलेय वन्सं. कुलूप काढताना रडावंसं वाटतं. मला सकाळी तेच सांगायचं होतं.”

वन्सं बसून राहिल्या. बाहेर नळ नीट बंद झाला नव्हता, तो टपटपत होता, आणि दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

“कधीपासून?”

“तीन वर्षं झाली.”

“मी रोज विचारते तुला.”

“आणि मी रोज छे म्हणते.”

त्यांनी दोन्ही मुठी उघडल्या आणि तुकडे टेबलावर ठेवले, शेजारी-शेजारी. “म्हणजे तेही मला दिसलं नाही,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं, एकदा सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. फार वाईट वाटलं. त्यांचं, आणि थोडं माझंही, की तीन वर्षं मी त्यांना ते बघायची संधीच दिली नाही. पाठीला पाठ लावून बसायची आमची सोय, ती इतकी सोयीची होती.

वन्संनी डगल्याची घडी मोडली आणि तो परत अंगात घातला.

“आधी नदी,” म्हणाल्या. “मग डोळे. आणि मग बंद.”

“डोळे बरे झाले तरी?”

“तरी. डोळे काय फक्त टाइल बघायलाच असतात?” मग नाक ओढून म्हणाल्या, “पन्नास कागद किती दिवसांत हवेत?”

“उद्घाटनाला बारा दिवस आहेत.”

“एरवी माझे दोन-तीन होतात दिवसाला. पाच करावे लागतील. चल, स्टूल इकडे आण.”

मी माझं स्टूल त्यांच्या टेबलाला आणलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही समोरासमोर बसलो. सावली पडत होतीच, पण आता त्याने काही बिघडत नव्हतं. डबे मी माझ्यापुढे घेतले. तुकडा मी उचलायचा, रंग बघायचा, त्यांच्या हातात द्यायचा. त्या खळीत बुडवून पालथा ठेवायच्या, आणि तुकडा आपोआप ओघात जाऊन बसायचा. जुन्या कागदांतलं वळण त्यांच्या बोटांत होतंच. “गडद,” त्या म्हणायच्या, मी द्यायचे. “आकाशी.” “पांढरा, बारीक.” मी चुकून आकाशीच्या जागी राखी दिला तर मात्र त्यांना कळायचं नाही, म्हणून मी दर तुकड्याला दोनदा बघायला लागले. डावा हात पुढे करायला शिकले. त्याला चोवीस वर्षांनी नोकरी लागली.

यांनी एकदा दारातून डोकावून बघितलं, दोघी एका टेबलाला बघून दचकले, आणि काही न बोलता चहा ठेवून गेले.

तोंडासमोर बसल्यामुळे भांडणं वाढली, ते खरं आहे. बावन्न नंबराच्या वेळी आम्ही एका पांढऱ्या तुकड्यावरून तासभर अबोला धरला. पण काम चालू होतं. अबोल्यातही त्या हात पुढे करायच्या आणि मी तुकडा ठेवायचे.

चौथ्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत एकोणसाठ नंबर झाला. वन्संनी कागद उलटवला, नंबर लिहिला, खाली तारीख लिहिली. अक्षर जरा ओळीवरून घसरलं होतं. मी ते सरळ केलं नाही. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. खिडकीतल्या उजेडात माझं तोंड त्यांना कितपत दिसत होतं कुणास ठाऊक. त्या पुढे वाकल्या, जरा जवळ आल्या.

“दमलीस का गं?”

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्यापुढचे डबे एकेक करून बाजूला सरकवले. “मग बस जरा,” वन्सं म्हणाल्या. “आजचा राहिलेला एक कागद उद्या करू.”

मी बसले.